गच्चीवरची तार : मुंबईतील कमी शक्तीच्या नभोवाणीचा इतिहास

मुंबईतील नभोवाणीचा इतिहास बहुधा स्टुडिओपासून सांगितला जातो. कोण गायले, बातम्या कोणी वाचल्या, कोणत्या अधिकाऱ्याने कोणते धोरण आखले, याची नोंद त्यात असते. परंतु या शहरातून संगीताचा आवाज बिनतारी मार्गाने प्रथम दूरवर गेला तो एका इमारतीच्या गच्चीवरून, आणि त्यानंतरची दोन दशके कोणाला बोलू द्यायचे व कोणाला नाही हा प्रश्न पुन्हा पुन्हा गच्चीवरच्या तारेपाशीच येऊन ठेपत राहिला. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्राने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने बोरीबंदरासमोरील आपल्या इमारतीच्या गच्चीवरून संगीताचा एक विशेष कार्यक्रम प्रक्षेपित केला. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून हा प्रयोग झाला आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरचे अंतर व सह्याद्रीची आडवी भिंत आहे, आणि लंडनमध्ये बीबीसीचे नियमित प्रक्षेपण सुरू व्हायला तेव्हा अजून सव्वा वर्षाचा अवकाश होता, हे लक्षात घेतले तर या प्रयोगाचे मोल कळते.

गच्चीची ही निवड मुंबईपुरती नव्हती. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यातील एका इमारतीच्या छपरावर तात्पुरती खोली उभारून २ नोव्हेंबर १९२० रोजी केडीकेए या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती अवघी १०० वॅट होती; लंडनचे २एलओ केंद्र १९२५ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या छतावर गेले. गावाबाहेर मोकळी जमीन घेऊन शेकडो फूट उंचीचा मनोरा बांधणे हे पैशाचे आणि राजमान्यतेचे काम होते, आणि ज्यांच्याकडे या दोन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती त्यांच्यासाठी शहरात आयती मिळणारी उंची म्हणजे घराची गच्ची.

ही उंची कशासाठी लागते हे समजण्यासाठी एएम प्रक्षेपणाची रीत थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. या पद्धतीत ठरावीक कंप्रतेची, म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा कंप पावणारी एक विद्युत्चुंबकीय लहर अखंड निर्माण केली जाते. तिला वाहक लहर म्हणतात. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाच्या चढउतारांनुसार या लहरीची उंची कमीजास्त केली जाते आणि श्रोत्याच्या संचात त्या उंचीच्या बदलांतून मूळ आवाज पुन्हा मिळवला जातो. आवाज असा लहरीच्या उंचीत साठवलेला असल्यामुळे वाटेत मिसळणारी प्रत्येक विद्युत्-खळबळ, मग ती विजेची असो, ट्रामच्या ठिणगीची असो वा पंख्याच्या मोटरीची, खरखर बनून ऐकू येते. उष्ण कटिबंधात पावसाळ्याच्या तोंडी हा त्रास इतका वाढतो की मध्यम लहरींवरचे लांबचे केंद्र ऐकणे जवळजवळ अशक्य होते.

लहर हवेत सोडण्याचे काम एरियल करते, आणि एरियलची लांबी लहरीच्या लांबीशी जुळावी लागते. मुंबईच्या पहिल्या नियमित केंद्राची लहर ३५७ मीटर लांबीची होती. तिच्यासाठी चतुर्थांश लांबीचा उभा मनोरा उभारायचा तर तो जवळजवळ ९० मीटर उंच हवा. गच्चीवर एवढी उंची कोठून येणार? म्हणून हौशी मंडळी आणि छोटी केंद्रे एक तडजोड करीत. गच्चीच्या दोन टोकांना लोखंडी पाइप किंवा जाड बांबू कठड्याला बांधून उभे करायचे, त्यांना तणावे द्यायचे, दोन्ही खांबांच्या शेंड्यांना कप्प्या लावून त्यांमधून दोर घालायचा आणि दोरांच्या मध्ये तांब्याची पिळाची तार आडवी ताणायची. तारेच्या प्रत्येक टोकाला चिनी मातीचे इन्सुलेटर असत, कारण आखूड एरियलच्या टोकाशी, शक्ती थोडी असली तरी, विद्युत्-दाब मोठा असतो आणि ओल्या दोरातून तो सहज खाली उतरतो. आडव्या तारेच्या एका टोकापासून किंवा मध्यापासून एक उभी तार खोलीत उतरवली जाई, आणि आखूडपणाची भरपाई करण्यासाठी तिच्या मुळाशी तांब्याच्या तारेची मोठी गुंडाळी, म्हणजे कॉइल, जोडली जाई. कप्पी आणि दोर यांमुळे वादळात तार खाली घेता येत असे. शिवाय तार अगदी ताठ न बांधता थोडी सैल ठेवावी लागे, नाहीतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या पहिल्याच झोताने ती तुटण्याची भीती असे.

एवढे करूनही अर्धेच काम होई, कारण उरलेले अर्धे एरियल म्हणजे जमीन. प्रवाहाला परतीची वाट लागते आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गच्चीपासून जमीन दूर असते. पाण्याच्या लोखंडी नळाला अर्थिंगची तार जोडणे हा सोपा उपाय होता, पण १५ मीटर उंचीच्या अशा मध्यम लहरींच्या एरियलचा लहरी फेकण्याच्या कामी येणारा रोध जेमतेम एक ते तीन ओहम भरतो आणि ओबडधोबड अर्थिंगचा रोध पुष्कळदा दहा ओहमांच्या पुढे जातो. परिणामी प्रक्षेपकाने दिलेल्या शक्तीतला मोठा वाटा वाटेतच उष्णता होऊन संपतो. जाणकार म्हणूनच एरियलच्या खाली, गच्चीपासून हातभर उंचीवर, जमिनीशी न जोडलेल्या तारांचे एक जाळे पसरत आणि तेच जमीन म्हणून वापरत. हे सारे बारकावे यंत्रशास्त्राचे वाटतात, परंतु कमी शक्तीच्या केंद्राचा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जाईल की दुसऱ्या जिल्ह्यापर्यंत, हे प्रक्षेपकातील व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळीच्या, आकारापेक्षा तारेच्या मांडणीवरच अधिक ठरत असल्यामुळे, ज्यांनी या गच्च्यांवर उन्हापावसात हात काळे केले त्यांचे श्रम स्टुडिओतल्या कलावंतांइतकेच नोंदवण्याजोगे आहेत.

जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या हौशी संस्थेने कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास सुरुवात केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कलकत्त्याचा क्लब पुढे आला, आणि मद्रासच्या क्लबने ३१ जुलै १९२४ पासून ४० वॅटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका लहान दिव्याइतक्या शक्तीच्या प्रक्षेपकावर केंद्र चालवून दाखवले. या क्लबांचा खर्च मुख्यतः वर्गणीवर चाले. सरकारशी १९२६ साली करार करून स्थापन झालेल्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबई व कलकत्त्याच्या क्लबांची जागा घेतली आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. दीड किलोवॅटचा प्रक्षेपक वरळीला होता आणि त्याची खात्रीची मजल सुमारे ५० किलोमीटर धरली जात असे. श्रोत्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातले ८ रुपये कंपनीला मिळायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. कंपनी मार्च १९३० मध्ये मोडीत निघाली, सरकारने एप्रिलपासून केंद्रे ताब्यात घेतली आणि जून १९३६ मध्ये त्या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. गच्चीवर सुरू झालेले काम अशा रीतीने प्रथम मनोऱ्यावर आणि मग सरकारी खात्यात गेले.

याच काळात कायद्याने गच्चीकडे लक्ष वळवले. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्रे उभारण्याचा व चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होताच, परंतु बिनतारी यंत्र चालवताना माणूस सापडणे अवघड असते हे ओळखून १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टने परवान्याशिवाय असे यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरवला. हा कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्या काळी साध्या रेडिओ संचालाही घराबाहेर एरियल लागत असल्यामुळे परवानाधारक श्रोत्याच्या गच्चीवर किंवा खिडकीबाहेरही अशीच तार दिसे, आणि येथेच कायद्याची खरी अडचण होती. ऐकण्याची तार आणि बोलण्याची तार रस्त्यावरून पाहणाऱ्याला सारखीच दिसते. दोन्हींमधला फरक खालच्या खोलीतल्या पेटीत असतो.

हौशी प्रक्षेपकांना मात्र परवाने मिळत आणि त्यांचा ओढा मध्यम लहरींपेक्षा लघुलहरींकडे होता. सुमारे ४० मीटर लांबीच्या लहरीला अर्ध्या लांबीचे एरियल पुरते, म्हणजे जेमतेम २० मीटरची तार लागते, आणि तेवढी लांबी गिरगावातल्या किंवा गावदेवीतल्या मध्यम इमारतीच्या गच्चीवरही मावते. अशी तार दोन समान भागांत मधोमध तोडून तेथून खोलीकडे नेली तर जमिनीची गरजही फारशी उरत नाही. शिवाय लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. दहा-वीस वॅट शक्तीही त्यांना पुरते. ऑल इंडिया रेडिओनेही विस्तीर्ण देश व्यापण्यासाठी हाच मार्ग धरला आणि ४ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईचे १० किलोवॅटचे लघुलहर केंद्र सुरू केले. या विस्ताराची आखणी करणारे मुख्य अभियंता सी. डब्ल्यू. गॉयडर हे स्वतः हौशी मंडळींतूनच वर आले होते. लंडनच्या मिल हिल शाळेत विद्यार्थी असताना, ऑक्टोबर १९२४ मध्ये, त्यांनी न्यूझीलंडशी पहिला दुतर्फा बिनतारी संपर्क साधला होता. शाळेतल्या खोलीतून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी बोलणारा मुलगा पुढे ज्या खात्याचा मुख्य अभियंता झाला, त्याच सरकारने सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातल्या सर्व हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले.

या पार्श्वभूमीवर १९४२ च्या काँग्रेस रेडिओकडे पाहिले पाहिजे. ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. विल्सन कॉलेजात शिकलेल्या २२ वर्षांच्या उषा मेहता, बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी यांनी, पत्रके छापण्यापेक्षा नभोवाणी अधिक दूर जाईल या विचाराने, गुप्त केंद्र उभारण्याचे ठरवले. सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ या प्रसिद्ध पेढीचे नानक मोटवाने यांच्याकडून सामग्रीची मदत झाली, आणि हौशी बिनतारी विद्येत मुरलेले नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळवला. डॉ. राममनोहर लोहिया या उपक्रमाचे मार्गदर्शक झाले आणि त्यांनी स्वतःही भाषणे केली. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर, हिंदुस्थानात कोठूनतरी काँग्रेस रेडिओ बोलत असल्याची घोषणा ऐकू येऊ लागली.

लहरीची ही निवड विचारपूर्वक झालेली दिसते. ही कंप्रता युद्धापूर्वी हौशी मंडळींना दिलेल्या पट्ट्यातली होती, त्यामुळे जुळवणाऱ्याचा हात तिच्यावर बसलेला होता. घरोघरच्या लघुलहरी संचांवर ४१ मीटरच्या पट्ट्याच्या लगतच ती सापडे, आणि तिला लागणारी २१ मीटरची तार कोणत्याही भाड्याच्या घरावर श्रोत्याचे एरियल म्हणून खपून जाई. ज्याला मोठा मनोरा लागेल असे मध्यम लहरींचे केंद्र गुप्तपणे चालवणे मुंबईसारख्या दाट वस्तीत मुळीच शक्य नव्हते; काँग्रेस रेडिओ शक्य झाला याचे श्रेय धाडसाइतकेच या तांत्रिक शहाणपणालाही दिले पाहिजे, आणि ते पुरेसे दिले गेलेले नाही.

केंद्राची बिऱ्हाडे पाहिली की हा शहाणपणा आणखी स्पष्ट होतो. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँढर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, गिरगाव बॅक रोडवरची पारेखवाडी या जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ठरावीक दिवसांनी सामान उचलून नव्या खोलीत जायचे आणि तेथे नव्याने तार ताणायची, असा क्रम होता. पावसाळा संपलेला नव्हता. शेवाळलेल्या गच्चीवर शेजाऱ्याला संशय न येईल अशा बेताने एरियल चढवणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना त्या परिसरातल्या जुन्या इमारती पाहिलेल्या कोणालाही करता येईल. पुढे ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी अशी विभागणी झाली, त्यामुळे प्रक्षेपणाच्या खोलीत तबकडी वाजवण्याचे यंत्र, प्रक्षेपक आणि एक-दोन माणसे एवढेच पुरे होई. कार्यक्रम हिंदुस्थानी व इंग्रजीत असत, इंग्रजी मजकूर कूमी दस्तूर आणि हिंदुस्थानी मजकूर मोईनुद्दीन हॅरिस यांच्याही आवाजात ऐकू येई. चितगावावरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि विदर्भातल्या चिमूर व आष्टी येथे ऑगस्टमध्ये झालेल्या उठावानंतरचे अत्याचार, या दडपलेल्या बातम्या लोकांपर्यंत पोचवण्याचे काम या केंद्राने केले. चिमूरच्या स्त्रियांवर काय गुदरले हे मुंबईतल्या खोलीतून देशाला सांगितले जात होते, आणि ते सांगणाऱ्यांत एक तरुण स्त्री होती, ही गोष्ट त्या काळच्या मराठी समाजाने अभिमानाने जपायला हवी होती.

सरकारी ऐकणारे अर्थातच हे सारे टिपून घेत होते. प्रक्षेपकाची जागा शोधण्याची रीत ठरलेली होती : चौकटीवर गुंडाळलेले एरियल हळूहळू फिरवायचे, आवाज ज्या दिशेला अगदी क्षीण होतो ती दिशा नकाशावर रेषेने दाखवायची, आणि दुसऱ्या ठिकाणाहून तीच कृती करून दोन रेषांचा छेद काढायचा. दाट इमारतींमध्ये पाइप, तारा आणि सळया यांवरून लहर परावर्तित होते, त्यामुळे गल्लीपर्यंत पोचता आले तरी घर ठरवणे कठीण जाते. जागा बदलत राहण्याने नेमका याच उणिवेचा फायदा मिळे. सुमारे अडीच महिने केंद्र टिकले आणि शेवटी ते सापडले तेही लहरीच्या मागावरून नव्हे. प्रक्षेपकाचे सुटे भाग विकणारी दुकाने आणि ते जोडू शकणारे हात मुंबईत मोजकेच होते. पोलिसांनी तो धागा धरला, तंत्रज्ञाला गाठले आणि त्याच्याकडून त्यांना जागा कळली. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पारेखवाडीचे दरवाजे फोडून पोलीस आत शिरले, तेव्हा उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी यांचे प्रक्षेपण चालू होते; वंदे मातरमची तबकडी थांबवण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. खटल्यात बाबुभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहता येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली बाहेर आल्या, पुढे विल्सन कॉलेज व मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवले, आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

या रीतीचा पुढचा धागा गोव्याकडे जातो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध कोंकणी व पोर्तुगीज भाषांत गुप्त केंद्र चालवले. ते प्रथम सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या रानात आणि मग कॅसलरॉकच्या जंगलात होते. यंत्रसामग्री ट्रकमध्ये होती आणि गच्चीची उंची घाटमाथ्याने दिली. सीमेच्या अलीकडे पकडले जाण्याचे भय मुंबईइतके नसल्यामुळे हे केंद्र अडीच महिन्यांऐवजी डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीपर्यंत सहा वर्षे चालले.

स्वतंत्र भारतात १९३३ चा कायदा नव्वद वर्षे, २०२३ चा दूरसंचार कायदा होईपर्यंत, पुस्तकात राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, त्यानंतर शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांनाही छोटी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. पुण्यातील विद्यापीठाची विद्यावाणी किंवा साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग ही केंद्रे त्याच धोरणातून निघाली. त्यांची विकिरण शक्ती साधारणतः कमाल १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची कमाल ३० मीटर ठरवण्यात आली. ती सारी एफएम पद्धतीची आहेत. सुमारे तीन मीटर लांबीच्या लहरीला माणसाच्या उंचीएवढे एरियल पुरते, त्यामुळे आडवी तार, कॉइल आणि तारांचे जाळे यांची गरज उरलेली नाही. मध्यम लहरींचा पट्टा मात्र भारतात आजही आकाशवाणीकडेच, म्हणजे ऑल इंडिया रेडिओकडेच, आहे, आणि तेथे गच्चीवरच्या छोट्या केंद्राला परवाना मिळण्याची तरतूद नाही.